पाय न टेकता

मृत्युंजयच्या पायाला भिंगरी आहे हे त्याच्या आईला, म्हणजे अव्वाला, तो रांगत होता तेव्हाच कळलं होतं, आणि त्याच्या बायकोला लग्नाच्या पंगतीत. नवरी शेजारी, समोर पाचशे माणसं, आणि या गृहस्थाचा गुडघा हलतोय तो हलतोच. शेवटी ताटातली आमटी सांडली आणि दानेश्वरी पदराआड हसली. पुढं तिला हसू यायचं बंद झालं.

शिरोलीच्या एका फाउंड्रीत तो पॅटर्नमेकर होता. लोखंड ओतायचा साचा ज्या लाकडी नमुन्यावरून घेतात, तो नमुना तासायचं काम. केसाइतकी चूक झाली तरी ओतलेला सगळा माल भंगारात जातो, म्हणून सहा दिवस हात आवरून, श्वास धरून काम करायचं. सातव्या दिवशी त्याला घरात ठेवणं म्हणजे घरच्यांनाच शिक्षा. तो पंखा पुसायला काढायचा, तो अर्धा सोडून नळाचा वॉशर बदलायला घ्यायचा, तेही टाकून गच्चीवर जायचा. दानेश्वरीच वैतागून, 'अहो'च्या जागी कानडी 'री' लावून म्हणायची, "री, जावा बघू डोंगराला. दिवेलागणीला या. आम्हीबी जरा रविवार करतो."

त्र्याण्णव साली त्यानं पुण्याहून जाड टायरची, गिअरची सायकल आणली, तेव्हा गल्लीनं त्याला वेड्यात काढलं. एवढ्या पैशात जुनी लूना आली असती, हे जो तो येऊन सांगून गेला. फक्त एक माणूस काही बोलला नाही. उत्तरेश्वर पेठेतला सायकल दुकानदार हंबीरराव. जवानीत तालमीत घुमलेला, दोन्ही कान मोडलेले, वजन शंभराच्या घरात. त्यानं सायकल उलटी ठेवून चाक फिरवलं, अर्धा तास गिअर बघितले, आणि पंधरा दिवसांत जुन्या सांगाड्यांना जोड मारून स्वतःसाठी तसलीच एक तयार केली. ती दिसायला भयंकर होती, पण हंबीररावला पेलायची. मग आणखी तिघं-चौघं आले आणि रविवारवाल्यांची टोळी झाली.

कोल्हापूरच्या भोवतीची एकही वाट त्यांनी सोडली नाही. कळंब्याच्या तळ्याचा बांध हा नुसता पाय मोकळे करायला. तिथून कात्यायनीच्या डोंगरात शिरलं की लाल मातीची वाट लागते, ती पाऊस उघडल्यावर महिनाभर अशी घट्ट असते की चाक आपोआप पळतं. जोतिबाच्या मागच्या अंगाची वाट दगडाळ, दात वाजवणारी. हंबीररावला तीच आवडायची, कारण उतरून केर्लीत वडा मिळायचा. मलकापूरच्या पुढं आंबा घाटाच्या जंगलात ते एकदाच गेले. जळवांनी इतकं रक्त प्यायलं की हंबीरराव म्हणाला, "मी गंगावेशीच्या कट्ट्यावर धारंचं दूध पितो ते काय ह्यास्नी पाजायला व्हय?"

पण या सगळ्या वाटा एका बाजूला आणि मसाई पठाराचा उतार एका बाजूला. पन्हाळ्याच्या मागं हे पठार आहे, मैलोन् मैल सपाट, काळ्या कातळाचं. त्याच्या उत्तरेच्या कडेवरून, मलकापूरच्या रस्त्याच्या दिशेला, एक पायवाट खाली येते. आधी कातळ, मग एका दगडी बांधातलं खिंडार, मग गवताचं कुरण, मग जांभळीच्या झाडाखालचं मोडक्या पायऱ्यांचं वळण, आणि शेवटी वाडीतला मारुती. वाडी दहा-बारा घरांची. या उतारावरून नऊ वर्षांत कुणीही पाय न टेकता खाली आलेलं नव्हतं. प्रत्येकाचा पाय कुठंतरी टेकायचाच, बहुतेक जांभळीपाशी.

टोळीचा नियम एकच होता. जो पहिल्यांदा वरच्या कातळापासून मारुतीपर्यंत पाय न टेकता येईल, त्याचं नाव उताराला. वरचा अर्धा भाग खालून दिसत नाही. म्हणून खाली आलेल्याला विचारायचं, "टेकला?" आणि त्यानं खरं सांगायचं. एकदा हंबीरराव सगळा उतार उतरून आला, सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या, आणि हा बाबा मान हलवून म्हणाला, "टेकला. खिंडारात बुटाचं टोक लागलं." कुणी बघितलं नव्हतं. पण टेकला म्हणजे टेकला.

आता त्या खिंडाराचं. कुरण होतं बयाबाईचं. बयाबाई साठीची, एकटी, दोन म्हशींची मालकीण. श्रावणापासून दिवाळीपर्यंत ती गवत राखायची. त्या दिवसांत खिंडारात बोराटी आडवी पडायची, म्हणजे बोरीची काटेरी फांदी. ती माणसाला अडवायला नव्हे, पठारावर चरणाऱ्या जनावरांना अडवायला. माणसानं फांदी सरकवायची, आत यायचं, आणि मागं वळून ती होती तशी लावायची. पहिल्याच वर्षी या सायकलवाल्यांना बघून बयाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "या पावणं, जावा, पाणी प्या, ताक प्या. माझी ना न्हाय. खरं काटी हाय तशी लावून जावा. तेवढं एक इसरू नका." कोल्हापुरी माणूस 'पण' म्हणायच्या जागी 'खरं' म्हणतो, आणि बयाबाईचं सगळं बोलणं त्या 'खरं'च्या पुढंच असायचं.

तर बोराटी असली की उतरणं आलंच, लावणं आलंच. म्हणून त्या तीन-चार महिन्यांत कुणी पैज लावायचं नाही. दिवाळीनंतर गवत कापलं की बोराटी जायची आणि मग खरा खेळ सुरू व्हायचा.

दोन हजार दोन साली मृत्युंजयला ही दिवाळी मिळणार नव्हती. बंगळुरूच्या एका कारखान्यानं त्याला पॅटर्न शॉपचा मुख्य म्हणून बोलावलं होतं. दसरा झाला, आणि पाचव्या दिवशी जो रविवार आला तो त्याचा कोल्हापुरातला शेवटचा. शुक्रवारी सामानाचा ट्रक येणार होता. घरात खोकी रचलेली, भिंतीवर फोटोंचे पांढरे चौकोन, आणि त्यातून हा येरझाऱ्या घालतोय. त्याला एकच गोष्ट टोचत होती. अडतीस वर्षं आपण या गावात काढली आणि जाताना मागं काय राहणार? केलेले नमुने साच्यात दाबून, वापरून, मोडीत जातात. त्यांच्यावर कुणाचं नाव नसतं. त्या उताराला तरी आपलं नाव लागलं पाहिजे. लागलंच पाहिजे.

रविवारी इतर कुणी जमलं नाही. दोघंच पन्हाळ्यावरून पठारावर आले. खिंडारापाशी पोहोचल्यावर मृत्युंजयनं आपला बेत सांगितला.

"आधीच फांदी बाजूला करून ठेवतो. तू म्होरं उतर, मारुतीपाशी थांब. मी वर कातळावर जाऊन येतो. उतरलो की चालत वर येऊन काटी लावतो. अर्ध्या तासाचं काम."

हंबीररावनं मोडका कान खाजवला. "बयाबाईला इचारलंस?"

"ती बाजाराला गेलीया. वाटेत दिसली की सकाळी, डोक्यावर बुट्टी घेऊन."

"बघ बाबा," हंबीरराव म्हणाला, आणि सायकल हातात धरून खाली गेला.

मृत्युंजयनं फांदी ओढली. काटा अंगठ्यात घुसला, तो त्यानं दातानं काढला. लांब, पठारावरच्या मसाईच्या देवळाच्या बाजूला, वाडीची जनावरं चरत होती आणि त्यांच्या मागं गुंडू उभा होता. गुंडू वाडीचा गुराखी, पन्नाशीचा, डोक्याला टॉवेल. त्यानं नेहमीसारखी काठी वर करून रामराम केला. मृत्युंजयनंही हात हलवला आणि सायकल वळवली.

तो उतार पुढं त्याला कधीच नीट सांगता आला नाही. कातळावरून तो सुटला. खिंडारातून चाक सुतात गेलं. कुरणातलं गवत छातीइतकं उंच, दोन्ही बाजूंनी हातांवर सपासप लागत होतं. जांभळीपाशी नऊ वर्षं तो ब्रेक दाबायचा, त्या दिवशी त्यानं सोडला. मागचं चाक पायऱ्यांवरून एक, दोन, तीन असं उतरलं, सायकल डावीकडं कलली, पाय सुटणार असं वाटलं, आणि सुटला नाही. मारुतीसमोरच्या फरशीवर तो आला तेव्हाही त्याचे दोन्ही पाय पेडलवर होते आणि डोळ्यांत पाणी होतं.

"टेकला?" हंबीरराव ओरडला.

"न्हाय!"

"खिंडारात?"

"न्हाय!"

शंभर किलोच्या माणसानं त्याला सायकलसकट उचलायचा प्रयत्न केला. मारुतीच्या पारावर बसलेलं एक म्हातारं घाबरून उठलं. मग हंबीरराव म्हणाला, "जा, काटी लावून ये. माझं टायर बसलंय. मी चालत फाट्यावर जातो आन् भजी सांगतो."

मृत्युंजय वर निघाला. निघाला हे खरं. जांभळीच्या वळणापर्यंत गेलाही. तिथं ओल्या मातीत त्याच्याच चाकाची रेघ उमटली होती, सलग, शेजारी कुठं बुटाचा ठसा नाही. तो उभा राहून ती बघत बसला. खाली हंबीररावनं फाट्याच्या रस्त्यावरून लांबलचक शिट्टी मारली. आणि याचे पाय वळवळायला लागले. वर अजून वीस मिनिटांची चढण. ती आता काय, कधीही चढता येते. बयाबाई बाजारातून येईलच, गवताकडं एक चक्कर टाकल्याशिवाय तिला चैन पडत नाही, तीच लावेल. आणि इतका वेळ कुणी शिरलं नाही ते आता काय शिरणार. असा सगळा हिशोब त्यानं उभ्या उभ्या जमवला आणि खाली पळत सुटला.

फाट्यावर भजी आली होती. हंबीररावनं कपात चहा ओतता ओतता विचारलं, "लावलीस?"

"लावली," मृत्युंजय म्हणाला.

घोट गरम होता. तो त्यानं तसाच गिळला.

सोमवारी त्यानं भांड्यांचं खोकं तीनदा बांधलं आणि तीनदा सोडलं. मंगळवारी कारखान्यात निरोपाचा नारळ घेताना साहेब बोलत असताना तो दाराकडं बघत होता. येणारा-जाणारा अभिनंदन करत होता, कारण हंबीररावनं पेठभर सांगितलं होतं. एवढंच नव्हे, दुकानात एका पत्र्यावर निळ्या ऑइलपेंटनं 'मृत्युंजय उतार' असं लिहून तो वाळत ठेवला होता. जो येईल त्याला दाखवत होता. मृत्युंजयनं तो बघितला आणि दुकानाची पायरी न चढताच परत फिरला. जिवाची घालमेल म्हणजे काय हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं, कारण एरवी त्याचे पाय हलायचे, आत सगळं शांत असायचं. आता उलटं झालं होतं. तो पलंगावर गप बसला होता.

"बरं न्हाई काय?" दानेश्वरीनं कपाळाला हात लावला. "री, तुमचा गुडघा हलंना झालाय. मला भ्या वाटालंय."

बुधवारी दुपारी तो तिला काही न सांगता सायकल काढून निघाला. वाघबीळचा घाट कधी चढला त्याला कळलं नाही. फाट्यावरून आत वळला, वाडीत थांबलाच नाही, सायकल ढकलत थेट कुरणापर्यंत गेला.

बोराटी जागेवर होती. एक सोडून चार फांद्या, दगड ठेवून पक्क्या बसवलेल्या. आणि आत गवत नव्हतं. म्हणजे जागोजागी होतं, कडेला, वितभर. मधलं सगळं खाऊन, तुडवून, शेणानं माखून गेलं होतं. जिथं रविवारी गवत त्याच्या छातीला लागत होतं तिथं त्याला आपले बूट दिसत होते.

बयाबाई अंगणात बसून विळा घासत होती. कापायला काही उरलं नव्हतं तरी घासत होती. त्याला बघून तिनं आत जाऊन ताक आणलं, नेहमीसारखं, वर मीठ टाकून.

"एकटंच आलासा? ते पैलवान न्हाय आलं?"

"न्हाय मावशी. कुरणाचं काय झालं हो?"

"काय व्हायचं? गुंडूनं घात केला." ती विळा बाजूला ठेवून बसली. "दहा वर्सं माझ्या म्हशी त्येच्या हाती. माझा मालक गेला तवा ह्यानंच त्या सांभाळल्या. आन् परवा ऐतवारी काटी काढून सगळी जनावरं आत सोडली की मेल्यानं. फुकटची पोटं भरली. मी बाजारातनं येतोय तवर सतरा जनावरं आत!"

"त्यानं काढली असं म्हणाला तो?"

"म्हणतोय कुठला? तुमचं नाव घ्याला लागला. सायकलवाल्यानं काढली म्हणं, मी बघितली म्हणं. मी म्हटलं, गप. नऊ वर्सं झाली, त्या माणसांनी एकदाबी काटी इसरली न्हाय. शेरातली असून इसरली न्हाय. सोताचं पाप त्येंच्या माथ्यावर घालतोस व्हय रं? माझ्या म्हशी मी काढून घेतल्या त्येच्याकडनं. मग वाडीनंबी काढल्या. आता बसलाय घरात." तिनं डोळे पुसले, आणि लगेच आवाज चढवला. "ताक पी की! बघत काय बसलास?"

मृत्युंजयनं ताक प्यायलं. सगळं. पेला खाली ठेवला, "येतो मावशी" म्हणाला आणि बाहेर आला. सायकलवर टांग टाकली. एक पाय पेडलवर, दुसरा जमिनीवर. खाली रस्ता, पुढं वाघबीळ, मग कोल्हापूर, शुक्रवारी ट्रक, आणि मग बंगळुरूला त्याला कोण विचारणार होतं? कुणीही नाही. उताराला त्याचं नाव लागणार होतं. त्याला फक्त दुसरा पाय उचलायचा होता.

तो पाय उचलेना.

सायकल त्यानं तशीच अंगणात आडवी टाकली आणि परत आत गेला.

"मावशी, गुंडू खोटं बोलला न्हाय. काटी मी काढली. लावतो म्हटलं आणि लावली न्हाय. अर्ध्या वाटेतनं परत गेलो."

बयाबाईनं आधी त्याच्याकडं बघितलं, मग रिकाम्या पेल्याकडं. मृत्युंजयच उभ्या उभ्या बोलत राहिला. उताराचं नाव, पैज, बंगळुरू, शिट्टी, सगळं. बोलता बोलता त्यालाच ते पोरकट वाटायला लागलं. शेवटी म्हणाला, "मी वैरण आणून देतो. टेंपोभर."

"आणायचीच हाय," बयाबाई ताडकन म्हणाली. "त्यात इचारतोस काय? म्हशी काय वारा खात्यात? खरं ते मागनं. मला काय सांगतोस? ज्येला मी चोर म्हटलं त्येला सांग. आन् जितं म्हटलं तितं सांग, मारुतीम्होरं, सगळ्यास्नी बोलवून. चल."

ती पुढं आणि हा मागं, मान खाली घालून. दिवेलागणीची वेळ होती. पारावर पाच-सहा माणसं होती, बयाबाईनं हाका मारून आणखी जमवली. गुंडूला आणायला माणूस गेला. तो आला, लांबच उभा राहिला, डोक्याचा टॉवेल खांद्यावर घेतला.

मृत्युंजयनं पुन्हा सगळं सांगितलं. यावेळी पैजेचं सांगितलं नाही. काटी काढली, लावली नाही, एवढंच. मग गुंडूकडं वळून हात जोडले.

गुंडू चिडेल, शिव्या देईल, असं त्याला वाटलं होतं. तशी त्याची तयारी होती, किंबहुना शिव्या बसल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. गुंडू नुसता म्हणाला, "मी बघितलं व्हतं की तुमास्नी फांदी वडताना. दुसरा कोण असता तर उठून आलो असतो. तुमी हाय म्हटल्यावर मी पाठ फिरवून निवांत बसलो. म्हटलं, ही माणसं लावत्यात."

मृत्युंजयला त्या पारावर रडू फुटलं. अडतीस वर्षांचा माणूस, चारचौघांत. कुणी त्याला समजावलं नाही आणि कुणी हसलंही नाही. बयाबाईनं गुंडूच्या समोर जाऊन दोन्ही हातांनी त्याच्या गालावरून बोटं उतरवली, कडाकडा मोडली, आणि म्हणाली, "सकाळच्याला म्हशी सोडायला ये. मी तोंड सोडलं त्येचं मनात धरू नगंस." गुंडू "येतो" म्हणाला. बाकीच्यांनीही आपापल्या जनावरांचं सांगून टाकलं.

मग बयाबाई मृत्युंजयकडं वळली. "वाट बंद करत न्हाय मी. पानी हाय, ताक हाय. खरं आजपस्नं खिंडारातनं सायकल चालवत न्यायची न्हाय. गवत असू दे न्हाईतर नसू दे. उतरायचं, हातात धरायची, काटी लावायची, मग बसायचं. उन्हाळ्यातबी मी काटी ठेवनार. कळलं?"

"कळलं मावशी."

गुरुवारी सकाळी त्यानं आधी वैरणीच्या टेंपोचे पैसे भरले आणि मग तो हंबीररावच्या दुकानात गेला. रात्रभर त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आता त्या उतारावरून पाय न टेकता कुणालाच येता येणार नव्हतं. कधीच. म्हणजे तो एकटाच, पहिला आणि शेवटचा. पत्रा वाळला होता. हंबीररावनं वरच्या दोन कोपऱ्यांना खिळ्यांसाठी भोकंही पाडली होती.

मृत्युंजयनं सगळं सांगितलं. फाट्यावरच्या 'लावली'पर्यंत.

हंबीरराव एका चाकाचे आरे घट्ट करत होता. तो थांबला. कुरणाचं ऐकताना तो "आयला" म्हणाला होता, गुंडूचं ऐकताना त्यानं जीभ चावली होती. पण 'लावली' हे ऐकल्यावर त्याचा चेहरा बदलला.

"मला खोटं सांगितलंस?"

मृत्युंजय पत्र्याकडं बघत उभा राहिला.

"नऊ वर्सं मर्दा. बुटाचं टोक लागलं तरी आपण टेकला म्हणत आलो. कोण बघत व्हतं? कुत्रंबी न्हाय. आपल्या जिभंवर चालला हा सगळा खेळ. आन् तू भजी खाता खाता..." त्यानं पत्रा उचलून पाठ वर करून फळीवर टाकला. "जा तू. तुझं सामान बांधायचं असंल."

मृत्युंजय घरी आला आणि सामान बांधत बसला. त्या दिवशी त्यानं एकही खोकं सोडून परत बांधलं नाही. दानेश्वरीला त्यानं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "सांगितलासा ते बरं केलासा." आणि मग बराच वेळ त्याच्या शेजारी वर्तमानपत्रात कपबशा गुंडाळत राहिली.

शुक्रवारी ट्रक आला. हमाल दोनच होते, कपाट जिन्यात अडकलं, आणि ट्रकवाला घाई करत होता. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी हंबीरराव दिसला. कुणाशी न बोलता त्यानं बाह्या सरसावल्या, कपाट पाठीवर घेतलं आणि खाली उतरवलं. मग पलंग, मग शिलाई मशीन, मग खोकी. तासभर दोघं शेजारी शेजारी ओझी वाहत होते, आणि हंबीररावनं मृत्युंजयकडं एकदाही बघितलं नाही. दानेश्वरीनं चहा दिला तो त्यानं उभ्यानं प्यायला.

सगळ्यात शेवटी सायकल राहिली. हंबीररावनं ती एका हातानं उचलून ट्रकच्या हौद्यात चढवली, स्वतः वर चढला आणि दोरी आवळायला लागला. पाठमोराच बोलला.

"वैरण पोचली. मीच गेलतो टेंपोत बसून, काल दुपारी. बयाबाईनं मोजून घेतली पेंढी अन् पेंढी."

"बरं झालं."

"पत्राबी लावून आलो, खिंडारात. मागच्या बाजूला लिवलं. 'हितं पाय टेका.'"

मृत्युंजयला विचारायचं नव्हतं, तरी त्याच्या तोंडून गेलं. "आणि नाव?"

"कुणाचंच न्हाय घातलं." हंबीररावनं गाठ मारली, ती ओढून बघितली, आणि पहिल्यांदा वळून त्याच्याकडं बघितलं. मोठा चेहरा, मोडके कान, डोळे लाल. नऊ वर्षं मारुतीपुढं विचारत आला तसंच त्यानं विचारलं.

"टेकला?"

ट्रकवाल्यानं हॉर्न मारला. मृत्युंजय ट्रकच्या फाळक्याला दोन्ही हातांनी धरून खाली उभा होता.

"टेकला," तो म्हणाला.

हंबीररावनं मान डोलावली आणि खाली उतरायला त्याच्याकडं हात पुढं केला.